अर्ध्याची शीशी

दवाखान्यातल्या औषधायची नावं माह्या तोंडात कधी बसली नाही. दुसरीपर्यंत शिकली मी, त्यातलं अर्धं साल ढोरामागं गेलं. मंग आपलं शीशीच्या रंगावरून, तिच्या मानेवरून ओळखाचं. त्यात एक होती करंगळीच्या पेरापेक्षा जराशी मोठी, तपकिरी काचेची. डॉक्टर लोक तिले अॅड्रेनलिन म्हणत. मी अर्ध्याची शीशी म्हणत होती. काहून तं मोठ्या माणसाले तिची अर्धीच द्याची असते. बाकीची अर्धी राखून ठेवतात, पाच मिनिटानं उतार नाही पडला तं दुसऱ्या डोजाले. लेकरू असलं तं त्याच्या वजनावर, दहा किलोच्या लेकराले शीशीचा दहावा हिस्सा. हे मी कोणाले शिकवाले सांगत नाही. झाडू मारता मारता कानावर पडलेलं हाय.

नवरा वारला तवा पदरात दोन पोरी होत्या, मोठी चार वर्षाची. गावच्या दवाखान्यात रोजीवर झाडपूस कराले लागली अन् तिथंच केस पांढरे झाले. गाव आमचं घाटंजीकडचं, फाट्यापासून आत. बाळंतिणीचे कपडे धुतले, मेलेल्याचं तोंड पुसलं, डॉक्टरायचे चहाचे कप घासले. रडत बसाले टाईम नव्हता, अन् मले रडणं तसंही येत नाही. पण एक काम मले मानाचं वाटे. सकाळी आल्याबरोबर लाल झाकणाचा डबा उघडाचा, त्यातली एकेक अर्ध्याची शीशी उजेडात धराची. आतलं पाणी स्वच्छ असलं तं ठेवाची. गुलाबी-तपकिरी झालं असलं तं सिस्टरबाईले दाखवून फेकाची. उन्हानं ते औषध मरते. डॉक्टर म्हणत, "मावशी, हा डबा तुमच्या जिवावर."

त्या दिवशीही शीश्या चांगल्याच होत्या. औषधात खोट नव्हती. हे पह्यले सांगून ठेवते.

कोरोना येण्याच्या दोन-तीन सालं आधीची गोष्ट. सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, जोरात होती. दुपारचे दोन वाजले असतील. सिस्टरबाई लसीच्या कामानं दुसऱ्या गावाले गेलती. दवाखान्यात मी, डॉक्टर, अन् हगवण लागलेला एक म्हातारा, त्याले सलाईन चालू. डॉक्टर नवीन होते, पुण्याकडचे, तरणे. जेवताना समोर पुस्तक उघडं ठेवत. चांगला माणूस.

फटफटी आली. त्यावर तिघं. पुढं एक माणूस चालवत, मधात एक म्हातारी, अन् मागं पोट्टी, वीस-बावीस वर्षाची, एका पायातली चप्पल गेलेली. तिलेच साप डसला होता, पायाच्या घोट्यावर. जिले डसला तीच मागं लटकत आलती.

मी म्हातारीले म्हटलं, "बाई, हिले मधात बसवाचं ना. पडली असती तं?"

"मधात कशी बसन वो? पुढं तिचा भासरा हाय," म्हातारी उतरता उतरता कमरेवर हात ठेवून म्हणाली. भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. "मी शेजारीण हाय. मले कायले आणलं वाटते तुमाले? आडभिंत म्हणून आणलं. पोत्यासारखी दबली मी दोघाच्या मधात."

पोट्टी अशात हसली. पाय सुजून राह्यलता अन् ही हसली. साडीवर नवऱ्याचं जुनं फुल बाहीचं शर्ट घातलेलं होतं. सोंगणीले आमच्याकडं बाया घालतातच, काड्या टोचू नाही म्हणून. शर्टाच्या पुढं दुधाचा ओला डाग. घरी सासूजवळ सहा महिन्याची पोर होती. नवरा मळणीच्या मशीनवर दुसऱ्या गावी गेलता, त्याले फोन झालता, तो निघालता.

साप घोणस. आमच्याकडं परड म्हणतात. भासऱ्यानं मारला नव्हता पण नीट पाह्यला होता. डॉक्टरनं काचेच्या नळीत तिचं रक्त घेतलं अन् नळी उभी करून ठेवली. म्हणाले, "मावशी, वीस मिनिटं. हात लावू नका, हलवू नका." वीस मिनिटानं नळी तिरपी केली तं रक्त गोठलंच नव्हतं, पाण्यासारखं वाह्यलं. डॉक्टर म्हणाले, सापाचं औषध सुरू करतो, अन् मोठ्या दवाखान्यात पाठवाले गाडी बोलावतो.

औषध सलाईनमधून द्याचं. पण ते द्याच्या आधी डॉक्टरनं अर्ध्याची शीशी अन् सुई काढून ट्रेमध्ये ठेवली. मले म्हणाले, "या औषधानं कोणाकोणाच्या अंगात उलटं होतं. हिच्याजवळून हलू नका. खाज, उलटी, दम, आवाज बसला, काहीही झालं तर लगेच हाक मारा."

खाज म्हटलं होतं त्यायनं. सगळ्यात पह्यले खाजच म्हटलं होतं. मी ऐकलं होतं.

सलाईनचा स्टँड एकच, तो म्हाताऱ्याजवळ. भासरा म्हणाला, "द्या इकडं, मी धरतो बाटली." तो उशाशी उभा राह्यला, हात वर करून. पोट्टीनं लगेच पदर डोक्यावरून पुढं घेतला. आमच्याकडं भावजय भासऱ्याशी बोलत नाही. बोलाचं असलं तं तिसऱ्याच्या तोंडानं. मंग तिसरी मीच झाली.

"मावशी, त्यायले म्हणा, हात दुखन. खिळ्याले टांगा."

मी मान वर केली. त्यानं ऐकलंच होतं, दोन हाताच्या अंतरावर तर होता. पण माह्याकडं पाहून म्हणाला, "तिले म्हणा, हा हात बैलाचा हाय. वावरात काय करतो दिवसभर?"

"त्यायले म्हणा, बैलबी मधून मधून बसते."

म्हातारी शेजारीण फिसकन हसली. "पाह्य वं बाई. एरवी घरात तोंड उघडत नाही, अन् साप डसला तं जीभ फुटली हिले."

भासराही हसला, भिंतीकडं पाहून. चांगलं घर होतं. कोणी कोणाचं वाईट करणारं नव्हतं. ते सांगावं लागते, नाही तं लोकाले वाटते असं कुठं तरी कोणी दुष्ट असनच.

डॉक्टर बाजूच्या खोलीत फोन लावाले गेले. आमच्याकडं फोन खिडकीतच लागे, तोही नशिबानं. म्हातारी शेजारीण बाहेर पाणी प्याले गेली. दहा-एक मिनिटं झाली असतील. पोट्टी म्हणाली, "मावशी, अंग खाजून राह्यलं."

मी तिच्या मानेवर हात फिरवला. लाल झालं होतं. म्हटलं, "सोयाबीनची कूस लागली वं. सोंगणीत कोणाले नाही खाजत?" कूस म्हणजे सोयाबीनच्या शेंगेवरची बारीक लव. अंगाले लागली की खाजखाज होते. मी तिच्या शर्टाची कॉलर झटकली. खरंच दोन-चार काड्या पडल्या. मले वाटलं, झालं.

पण ती हाताचे तळवे खाजवत राह्यली. तळव्याले कूस लागत नाही. सोंगणीवाल्या बाईचा तळवा म्हणजे लाकूड. हे मले समजाले पाहिजे होतं, मी जनमभर सोंगणी पाह्यली. चार-पाच मिनिटं गेली असतील त्यात. मंग तिनं उलटी केली. अन् "मावशी" म्हणाली तं आवाज तिचा नव्हता, घोगरा, मोठ्या बाईसारखा. ओठ सुजले होते.

मी ओरडली. शेजारीण दाराशी आली. डॉक्टर धावत आले, सलाईन बंद केली, ट्रेमधली शीशी उचलून मान मोडली. टक. अर्धी भरली, उजेडात धरून रेघ पाह्यली. म्हणाले, "मावशी, साडी वर घ्या. मांडी."

पोट्टीनं ऐकलं. डोळे सुजून मिटत आलते, छातीत शिट्टी वाजत होती, तरी दोन्ही हातानं तिनं गुडघ्यावरची साडी मुठीत धरली. अन् मले डोळ्यानं उशाकडं दाखवलं. तिथं भासरा उभा होता.

मी साडी वर घेतली नाही. खाली ओढली. घोट्यापर्यंत ओढली अन् वरून हात ठेवला. म्हटलं, "डॉक्टरसायेब, भासरा उभा हाय. हातात द्या."

"मावशी, हातात नाही. मांडीत द्यावं लागतं."

"कुठंही देली तरी अंगातच जाते ना? हातात द्या. उद्या हिले त्याच घरात राहाचं हाय."

त्यायनं माह्याकडं पाह्यलं. ते पाहणं मले आजही दिसते. नवं पोरगं, परक्या मुलखातलं, अन् समोर पांढऱ्या केसाची बाई. हिले इथलं जास्त समजते, असं वाटलं असन त्याले. त्यायनं हात धरला.

आता ते शर्ट. मनगटाचं बटन निघे ना. बाही घामानं कातडीले चिकटलेली. मी ओढली, डॉक्टरनं ओढली, कोपराच्या वर जाऊन ती जी अडली ती अडलीच. जिथपर्यंत गेली तिथं त्यायनं सुई देली. बारीक हात, मांस नाही. कातडीच्या खालीच गेलं सगळं. ते मले तवा माहीत नव्हतं. मले वाटलं, सुई लागली, बरी होइन.

सुई लागल्यावर मी वर पाह्यलं. भासऱ्यानं तोंड कधीचंच भिंतीकडं केलं होतं. कपाळ भिंतीले टेकवलेलं, डोळे मिटलेले, अन् बंद पडलेली बाटली हातात तशीच वर. कोणी त्याले ठेव म्हटलं नव्हतं. बाहेर जा म्हटलं असतं तं गेला असता. मी म्हटलं नाही. मले सुचलंच नाही. मले साडी सुचली.

डॉक्टर मागं वळून दुसरी सुई भराले लागले. पोट्टीले जराकसं बरं वाटलं का काय, तिनं हात डोक्याकडं नेला. उलटीत पदर घसरलता, डोकं उघडं पडलं होतं. ती पदर चाचपत होती, अन् तो सापडत नव्हता. मी तिच्या पाठीखाली हात घातला अन् उठवून बसवलं, पदर डोक्यावर घ्याले.

"उठवू नका! झोपवा तिला!" डॉक्टर ओरडले.

तवर मी उठवली होती. पदर डोक्यावर घेतला होता. अन् तिची मान माह्या खांद्यावर आली. जसं झोपलेलं लेकरू जड होते ना, एकदम, तसं.

मंग डॉक्टरनं कात्रीनं साडी चिरली अन् मांडीत सुई देली. मंग छाती दाबाले लागले. मले म्हणाले, "शीश्या फोडा मावशी. आता पूर्ण. आता शिरेत." हृदय थांबल्यावर पूर्ण शीशी शिरेत देतात, दर तीन-चार मिनिटानं. माणूस जिता असताना अर्धी मांडीत, हे मी तवा पह्यल्यांदा नीट समजली, तिच्या छातीवर डॉक्टरचे हात पाहत. मी फोडत गेली. टक. टक. डब्यातल्या सगळ्या शीश्या संपल्या. हगवणीवाला म्हातारा उठून बसला होता अन् हात जोडून राह्यला होता. गाडी आली तवा डॉक्टर घामानं निथळत होते अन् तिच्या पायाचे अंगठे थंड झाले होते. मी हात लावून पाह्यले.

नवरा दिवस बुडता बुडता आला. ते मी सांगत नाही.

दोन दिवसानं डॉक्टर मागच्या पायरीवर बसले होते. मी बादली घेऊन चालली होती. म्हणाले, "मावशी, चूक माझी आहे. तुम्ही म्हणालात आणि मी ऐकलं. ऐकायला नको होतं."

मी इचारलं, "मांडीत देली असती तं वाचली असती का?"

"सांगता येत नाही."

"पण लवकर लागली असती."

पाच-सहा महिन्यानं त्यायची बदली झाली. जाताना माह्या पाया पडले. मले लय राग आला त्या पाया पडण्याचा. शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं.

तेव्हापासून ते सुरू झालं. आमच्याकडं चूल तुऱ्हाटीवर पेटवतात, तुरीच्या वाळल्या काड्यायवर. सकाळी काडी मोडली की टक. मी मोडणं सोडून देलं, अख्खी काडी चुलीत घालत होती, ती बाहेर जळत येई. धाकट्या पोरीनं पाह्यलं, म्हणाली, "माय, घर पेटवतं का?" सपनात ती पोट्टी येई. काही म्हणे नाही, रागही नाही. नुसती पदर चाचपे. मी तिले पदर देऊ पाहो तं माह्या हातात शर्टाची बाही राहे. उठून बसली की माहा हात माह्या गुडघ्यावर असे, लुगडं खाली ओढत.

अन् याच्याहून वाईट एक होतं. त्या पोट्टीची माय.

तिचं माहेर जवळच होतं, जीपनं अर्धा तास. सहा महिन्याची नात ह्याच मायजवळ राह्यली. पह्यल्या वर्षी तुरीले शेंगा धरल्या तशी ती माह्या घरी आली. ओल्या शेंगायची थैली ओसरीवर ठेवली, अन् माहे दोन्ही हात धरले. म्हणाली, "बाई, त्या शेजारणीनं मले समदं सांगतलं. मरता मरताही तू माह्या पोरीची लाज राखली. भासऱ्यासमोर उघडी पडू देली नाही. मी अशी करंटी, तिथं नव्हती. तू तिची माय झाली."

मी चहा ठेवला.

दुसऱ्या वर्षीही आली. तिसऱ्या वर्षीही. दरसाली तेच बोलणं. बजारात भेटली तं चार बायाले जमवून सांगे, "हीच ती बाई." बाया माह्याकडं पाहत, जशी मी कुठली देवीच. त्या शेंगायचे सोले, म्हणजे ओले दाणे, मी धाकट्या पोरीले रांधून देई. माह्या घशाखाली उतरले नाही.

तवर मले एवढंच वाटे, की एकीकडं लाज होती अन् एकीकडं जीव, अन् मी लाज धरली. दोन्हीतलं एकच भेटणार होतं. असं वाटे. यातही माणूस जगू शकते. आमच्या वाट्याले असंच येते, असं म्हणून जगू शकते.

मंग कोरोनाची लस आली. दवाखान्यात तवा मॅडम डॉक्टर होत्या, आमच्याच यवतमाळकडल्या, बोलाले मोकळ्या. लस सुरू व्हाच्या आधी त्यायनं गावोगावच्या आशाताईयले अन् सिस्टरबायाले जमवलं. लस घेतल्यावर लाखात एखाद्याच्या अंगात उलटं झालं तं काय कराचं, ते सांगाले. मी फरशी पुसत होती. मॅडम म्हणाल्या, "मावशी, बादली ठेवा. इकडं या. तुमची मांडी उसनी द्या जराशी."

सगळ्या हसल्या. एक आशाताई म्हणाली, "मॅडम, मावशीच्या मांडीत सुई मोडन."

मी खुर्चीवर बसली. मॅडमनं माह्या लुगड्यावर बोट ठेवलं. मांडीच्या बाहेरच्या अंगाले, कंबर अन् गुडघ्याच्या मधात. म्हणाल्या, "ही जागा. मोठ्या माणसाला अर्धा एमएल. सरळ आत, स्नायूत. हातात नाही, कातडीखाली नाही. पाच मिनिटांत बरं नाही वाटलं तर परत. आडवं झोपवायचं, पाय वर. दम लागत असेल तर पाठीला थोडा टेकू चालतो, पण उठवायचं नाही, उभं करायचं नाही. उठवलं आणि गेलं, असं होतं."

मी ऐकत होती. उठवलं अन् गेलं. तेही कोणाले तरी माहीत होतं, इतकं की एका वाक्यात सांगता येते.

मंग एका सिस्टरनं इचारलं, "मॅडम, बायांचं काय? साडी वर करू देत नाहीत, बाहेरची माणसं असतात."

"वर करायची गरजच नाही," मॅडम म्हणाल्या. "कपड्यावरून द्यायची. साडीवरून, पॅन्टवरून. वेळ घालवायचा नाही."

मी म्हटलं, "लुगड्यावरून?"

"हो मावशी."

"नऊवारी असलं तं? जाड?"

"खिशातलं काही मध्ये नको. बाकी सुई जाते."

"साडी तशीच ठेवून?"

"तशीच ठेवून. काय झालं, मावशी?"

मी म्हटलं, काही नाही, फरशी वाळून राह्यली. बादली घेतली अन् मागं गेली. धुतलेल्या चादरी होत्या, त्या मी परत धुवाले घेतल्या. साडी तशीच ठेवून. म्हणजे लाज अन् जीव असे दोन पारडे नव्हतेच तिथं. मीच मांडले. घोट्यापर्यंत झाकलेली होती ती पोट्टी, भासरा तिकडं तोंड करून, अन् त्याच साडीवरून सुई जात होती. मी जिथं हात ठेवून राह्यलती, त्याच जागेवरून.

त्या नव्या डॉक्टरले हे माहीत नसन का? का माहीत होतं अन् त्या घाईत सुचलं नाही, मले भासऱ्याले बाहेर धाडणं नाही सुचलं तसं? मले इचाराले ते इथं राह्यले नव्हते.

मी ठरवलं, तिच्या मायले सांगाचं. ठरवाले एक साल गेलं. त्या सालीही ती थैली घेऊन आली, माहे हात धरले, अन् मी चहाच ठेवला. त्याच्यापुढच्या साली ती येण्याच्या आधीच मी निघाली. घाटंजीवरून काळीपिवळी जीप धरली. ड्रायव्हरनं मले अन् दोन बायाले पुढच्या सीटवर कोंबलं. मनात बोलणं जुळवत होती, उतरेपर्यंत एकही शब्द जुळला नाही.

ती ओसरीवर सुपात डाळ निवडत होती. नात शाळेत गेलती. मले पाहून इतकी हरखली, "आज सूर्य कुठून निगला वो बाई? बस, बस. पाणी आणते."

"पाणी राहू दे. बस तू. मले सांगाचं हाय."

"सांग ना."

"तू जे दरसाली म्हणतं, लाज राखली, लाज राखली. ते म्हणत नको जाऊ."

"काहून? खोटं हाय का?"

मी सांगतलं. सगळं. खाज सुटली ती मी कूस म्हटली, तेही. डॉक्टर मांडी म्हणत होते, मी हात म्हटलं, तेही. उठवलं मीच. अन् मॅडमनं माह्या लुगड्यावर बोट ठेवून काय सांगतलं, ते. रडली नाही. जसं रपोट लिहून देते माणूस, तसं सांगतलं.

तिचे हात सुपात चालूच होते. खडा वेचे, बाजूले ठेवे. माहं बोलणं संपलं तरी चालू होते. मंग थांबले.

"कुठं?" ती म्हणाली.

"काय कुठं?"

"सुई. कुठं द्याची होती? दाखव."

मी तिच्याजवळ सरकली अन् तिच्या लुगड्यावर बोट ठेवलं, मांडीच्या बाहेरून, मधात. तिनं माहं बोट उचलून बाजूले केलं अन् तिथं आपला अंगठा दाबला. दाबून धरला.

"अन् साडी तशीच?"

"तशीच."

"मी तिले लग्नात सांगतलं होतं," ती अंगठ्याकडं पाहत म्हणाली. "जीव गेला तरी भासऱ्यापुढं डोक्यावरचा पदर पडू देऊ नको."

मी म्हटलं, "बाई, आपण समद्याच सांगतो."

"तू गप." पह्यल्यांदा तिचा आवाज चढला. "तू कायले आली सांगाले? कोणी बोलावलं होतं तुले? इतके वर्षं मी ह्या एका गोष्टीवर निजत आली. का पोर गेली, पण झाकलेली गेली. लोकात सांगत होती. नातीले सांगत होती, तुही माय लाजेची होती म्हणून. आता तिले काय सांगू? तुहं ओझं तू इथं आणून टाकलं. आता मी कशावर निजू?"

तिचं खरं होतं. जीपमध्ये बसली तवा मले वाटलं होतं, मी तिच्यासाठी चालली. तिच्यासाठी नव्हती आली मी.

मी म्हटलं, "शिव्या दे."

"शिव्या देऊन काय होते? ती का उठून येते?"

मंग तिनं मले जा म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. ऊन ओसरीवरून खाली उतरलं. माही शेवटची जीप निघाची वेळ झाली, तरी मी उठली नाही. उठली असती तं ती त्या बोलण्यासोबत एकटी राह्यली असती, अन् ते मीच तिच्या घरात आणलेलं होतं.

शाळा सुटली. नात आली, दप्तर टाकलं, माह्याकडं पाह्यलं, आजीले म्हणाली, "आजी, हे कोण?"

मले वाटलं, आता आजी सांगन. सांगू दे, मी ऐकीन. पण ती उठली, आतून भाकर अन् चटणी आणून नातीपुढं ठेवली, अन् म्हणाली, "पह्यले जेव. मंग ह्या बाईलेच इचार. ती सांगन तुले, तुही माय कशी गेली ते. नीट सांगन. खरं सांगन."

पोर जेवाले बसली. मी ती जेवाची वाट पाहत बसली.